मागच्या सीटचा कारभार

नवी गाडी दारात आली की घरातल्या मोठ्या माणसांना कायदे करायची सुरसुरी येते. आमच्याकडे हे काम नवऱ्याने अंगावर घेतलं. गाडीत खायचं नाही, बूट घालून सीटवर चढायचं नाही, काचेला तोंड लावायचं नाही, खडू आणि रंग घरीच राहतील, पाणीसुद्धा गाडी थांबल्यावरच मिळेल. पाच वर्षांच्या थोरलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग गाडीत करायचं काय?” दीड वर्षाच्या धाकट्याने काही विचारलं नाही. तो बिस्किट खात होता.

नियमांशी माझं भांडण नाही. तक्रार एवढीच की त्यांत सगळ्या घाणीला एकाच मापाने मोजलेलं असतं. सीटवर पडलेला बिस्किटाचा चुरा आणि सीटमध्ये मुरलेलं दूध, दोन्ही गुन्हे सारखेच. प्रत्यक्षात चुरा पुढच्या रविवारपर्यंत आहे तिथे, आहे तसाच राहतो. दूध मात्र तासातासाला रूप बदलतं. काही घाण तर थांबलं की उलट सोपी होते. घरात लहान मुलं असली की वेळही मोजका आणि अंगातलं त्राणही मोजकंच. त्यामुळे कशासाठी गाडी आत्ताच्या आत्ता बाजूला घ्यायची आणि कशाकडे खुशाल काणाडोळा करायचा, एवढं कळलं तरी निम्मी गाडी स्वच्छ राहते, असं माझं मत.

सगळ्यांत आधी जपला जातो तो नव्या गाडीचा वास. तो जाऊ नये म्हणून काचा बंद ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. हा वास म्हणजे प्लास्टिक, फोम, सीटचं कापड आणि हे सगळं जोडून ठेवणारे गोंद यांतून हवेत उडणारी सेंद्रिय संयुगं. गाडी उन्हात तापली की ती जास्त सुटतात आणि आठवडे, महिने जातील तशी आपोआप कमी होतात. म्हणजे वास टिकवणं आपल्या हातात नाही, आणि टिकवावा असा तो नाहीही. पहिले काही महिने, विशेषतः गाडी उन्हात उभी असेल तर, मुलांना आत बसवण्याआधी चारही दारं उघडून आतली हवा जाऊ द्यावी. वास गेला म्हणून हळहळणाऱ्यांना फार दिवस रिकाम्या नाकाने बसावं लागत नाही. त्याची जागा दूध घेतं.

दुधाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण लहान मुलांच्या गाडीतला खरा शत्रू तोच. सांडताना ते अगदी गरीब दिसतं. पांढरं, पातळ, फडकं फिरवलं की गेलं. पण गाईच्या दुधात साधारण साडेतीन-चार टक्के स्निग्धांश, तीन-सव्वातीन टक्के प्रथिनं आणि पावणेपाच टक्क्यांच्या आसपास दुग्धशर्करा असते, आणि या तिघांचे उद्योग वेगवेगळे. प्रथिनांत मोठा वाटा केसीनचा. त्यापासून पूर्वी लाकूड चिकटवायचा गोंद करत; सीटवर तेच कापडाच्या धाग्यांना धरून बसतं. शर्करेवर जिवाणू तुटून पडतात आणि आंबूस वास सुरू होतो. स्निग्धांश फुटतो तेव्हा त्यातून ब्युटिरिक आम्ल मोकळं होतं. खवट लोण्याचा वास तो हाच, आणि उलटीच्या वासातही याचा मोठा हात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोण्यातलं हे आम्ल शोधलं आणि पुढची कित्येक वर्षं चरबीच्याच अभ्यासात घालवली. गृहस्थ १०२ वर्षं जगला, तेव्हा या वासाने आयुष्य घटतं असं काही म्हणता येणार नाही. माणसाच्या नाकाला हे आम्ल अगदी लेशमात्र असलं तरी कळतं. म्हणून चमचाभर दूध सगळ्या गाडीला पुरतं.

तेव्हा दूध सांडलं की ते टिपून घ्यायचं. घासायचं नाही. घासलं की वरचं दूध खालच्या फोममध्ये उतरतं आणि मग तिथपर्यंत कोणाचाच हात पोहोचत नाही. कोरडं फडकं ठेवायचं, तळव्याने दाबायचं, फडक्याची घडी बदलून पुन्हा दाबायचं. फडक्यात काही येईनासं झालं की थोडं गार पाणी शिंपडून परत तेच. पाणी गारच हवं. गरम पाण्याने दुधातली काही प्रथिनं गोठतात आणि धाग्याला आणखी घट्ट बसतात. अंडं आणि रक्त यांच्या बाबतीतही हेच.

पुढचं काम एन्झाइमवाल्या क्लीनरचं. त्यातलं प्रोटिएज प्रथिनं तोडतं, लायपेज स्निग्धांश, अमायलेज पिष्ट. ही कल्पना जुनी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम याने १९१३ साली स्वादुपिंडातल्या एन्झाइमांनी कपडे धुण्याचं पेटंट घेतलं होतं. पोटात जे अन्न पचवतं ते कापडावरचंही पचवेल, असा सरळ हिशेब. पण पचनाला वेळ लागतो, हे लोक विसरतात. फवारतात, लगेच पुसतात आणि पैसे वाया गेले म्हणतात. बाटलीवर जितका वेळ लिहिलाय तितका वेळ ती जागा ओलसर राहायला हवी. लवकर वाळत असेल तर वर एखादं ओलं फडकं पसरून ठेवावं. आणि पहिल्यांदा सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावं, रंग उतरत नाही ना.

खायच्या सोड्याची फार कीर्ती आहे. ती अगदीच खोटी नाही. सोडा ब्युटिरिक आम्लाला भेटला की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नसल्याने नाकापर्यंत येत नाही. पण भेट व्हायला हवी ना! वरून भुरभुरलेला सोडा वर राहतो आणि दूध तळाला. आरशाला लटकवायच्या सुगंधी डब्या मात्र मला मुळीच पटत नाहीत. पहिला वास जात नाही, त्यावर दुसरा चढतो, आणि ज्या मुलांना गाडी लागते त्यांना उग्र वासाने आणखी मळमळतं.

इथे काही उत्साही माणसं बादली घेऊन येतात. भरपूर पाणी ओतून सीट धुतल्याचं समाधान मोठं असतं खरं, पण आतला फोम आणि कार्पेटखालचा जाड थर ते पाणी पिऊन बसतात. शिवाय सीटच्या आत आणि खाली वेगवेगळ्या सेन्सरच्या तारा असतात त्या वेगळ्याच. सीट वरून वाळू लागते तसं खालचं पाणी धाग्यांतून वर ओढलं जातं आणि येताना विरघळलेली घाण घेऊन येतं. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर, कडेच्या पिवळट रेघेसकट. आत दोन दिवस ओल राहिली की बुरशीला तेवढी सवड पुरते, आणि बुरशीचा कुबट वास दुधापेक्षा चिवट. म्हणून जेवढं पाणी पुन्हा टिपून काढता येईल तेवढंच घालायचं, आणि हे काम सकाळी करायचं, म्हणजे दिवसभर दारं उघडी ठेवून वाळवता येतं.

मुलांच्या सीटचं, म्हणजे चाइल्ड सीटचं, प्रकरण वेगळं आहे. गाडीतली सगळ्यांत मळकी वस्तू ती, आणि अपघातात मुलाला वाचवणारी वस्तूही तीच. कापडी कव्हर बहुतेक सीटचं निघतं आणि माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे धुता येतं. पट्ट्यांना मात्र हा न्याय लावायचा नाही. पट्टे वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे नाहीत, भिजत घालायचे नाहीत, ब्लीच नाही, इस्त्री नाही, डाग काढायचं जालीम द्रावण तर नाहीच. सगळा झटका हेच पट्टे झेलणार. रसायनाने किंवा उष्णतेने त्यांचे धागे कमजोर झाले तर ते डोळ्यांना दिसत नाही. ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसायचे, फडकं पिळून साबण काढून टाकायचा, सावलीत वाळू द्यायचे. डाग राहिला तर राहिला. पट्टे पांढरेशुभ्र करून त्यांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही, काळजी वाटते.

चुरा थांबू शकतो असं वर म्हटलं, त्याला अपवाद आहे तो बकलचा. बिस्किटाचे कण, फळांच्या रसाचा चिकटा बकलच्या फटीत गेला की नेहमीचा ‘टक्’ आवाज येत नाही. कधी लागल्यासारखं वाटतं आणि हाताने ओढलं की सुटून येतं. असं झालं तर पुढचा प्रवास थांबवावा. तेल घालून बकल मोकळं करायचा मोह आवरावा, कारण तेलाला आणखी कण चिकटतात. कोमट पाण्याखाली बकल धरून बटण पुन्हा पुन्हा दाबून ते धुवावं, असं कित्येक कंपन्यांच्या पत्रकात असतं; सगळ्यांच्या नसतं. म्हणून पत्रक गाडीतच ठेवावं. सीट उघडण्याआधी मोबाइलने सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत, हेही आलंच. पट्टा कुठल्या खाचेतून गेला होता यावर रात्री दहा वाजता नवरा-बायकोत होणारा संवाद त्याने टळतो.

चाइल्ड सीटखाली जाड गादी किंवा टॉवेल घालून गाडीची सीट वाचवण्याची पद्धत आहे. धडक बसली की ती गादी दबते, सीटचे पट्टे तेवढेच सैल पडतात. काही कंपन्या स्वतःचं पातळ आच्छादन चालवून घेतात, काही कशालाच परवानगी देत नाहीत. सीट कव्हर शिवून घेणाऱ्यांनीही सीटच्या कडेला एअरबॅग आहे का ते आधी बघावं. असेल तर तिच्या वाटेत साधं कव्हर येता कामा नये.

आणि बुटांचे ठसे. धाकट्याची सीट मागे तोंड करून बसवलेली आहे, त्यामुळे त्याचे पाय थेट गाडीच्या सीटच्या पाठीला टेकतात. त्या पाठीवर आता मातीची एक कायमची नक्षी आहे. नवऱ्याचं म्हणणं पडलं, आता मोठा झालाय, सीट पुढे तोंड करून फिरवू या. मी नाही म्हटलं. संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ या नियमात १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवायला सांगितलंय, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ साली सांगितलं की सीटची वजन-उंचीची मर्यादा येईपर्यंत तसंच बसवा. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. समोरून धडक झाली तर मागे तोंड असताना झटका पाठभर वाटला जातो. ठशांसाठी पाठीवर एक पुसता येणारं पातळ आच्छादन लावलंय, बूट गाडीत बसल्यावर काढतो. तरी ठसे उमटतात. उमटोत.

वाळू आणि चिखल हे मात्र थांबण्याचं बक्षीस देणारे पाहुणे. ओला चिखल पुसला की तो कार्पेटमध्ये भरला जातो. वाळला की खपल्या निघतात, ब्रशने झटकून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यायच्या, झालं. वाळूचंही तसंच. फक्त चकचकीत काळ्या प्लास्टिकवर वाळू असताना कोरडं फडकं फिरवू नये. वाळूत बहुधा क्वार्ट्झ असतं आणि मोहसच्या कठीणपणाच्या मापावर ते ७ वर येतं, साध्या काचेपेक्षाही वर. प्लास्टिकचा पाड काय! आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने उडवावी, मग ओलं फडकं.

खडूंवरची बंदी आमच्याकडे टिकली, पण घरातल्या कायद्यामुळे नाही, उन्हामुळे. मेणाचे खडू ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात आणि कडक उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्याही पुढे जातो. थोरलीला तिचा आवडता जांभळा खडू पातळ झालेला दाखवला, विषय संपला. सीटवर मेण सांडलंच तर घाई करू नये. बर्फ लावून ते कडक होऊ द्यावं, बोथट कडेने खरवडून काढावं, उरलेलं टिपकागद ठेवून कोमट इस्त्रीने कागदात ओढून घ्यावं. (इस्त्री गाडीच्या कापडी सीटवर, रेक्झिनवर नाही, आणि चाइल्ड सीटच्या पट्ट्यांवर तर अजिबातच नाही.)

उन्हाचं क्रीम आणि डासांचं औषध लावलेले हात जरा वेगळ्या नजरेने बघावेत. डासांच्या कित्येक औषधांत असतं ते डीट हे रसायन काही प्लास्टिक आणि रेक्झिन अक्षरशः विरघळवतं. त्याने पडलेला डाग हा डाग नसतो, पृष्ठभागच गेलेला असतो. हात पुसून गाडीत बसायचं, हा आमच्याकडचा एकमेव नियम ज्यावर मी आवाज चढवते.

उलटीचं बोलायचं तर, आमच्या थोरलीला गाडी लागते. दोन ते बारा या वयात हे सगळ्यांत जास्त दिसतं. धाकट्याएवढ्या मुलांना क्वचित. कान सांगतो आपण हलतोय, डोळे हातातल्या पुस्तकाकडे किंवा पडद्याकडे बघून सांगतात आपण जागच्या जागी आहोत, आणि या दोघांच्या वादात पोट भरडलं जातं. यातली गंमत अशी की मुलांनी सीटवर काही सांडू नये, चिवडू नये म्हणून आपण त्यांच्या हातात मोबाइल देतो. हात स्वच्छ राहतात आणि वळणाच्या रस्त्यावर सगळं जेवण बाहेर येतं. त्यापेक्षा हातात बिस्किट परवडलं. चुरा मी कधीही झाडीन. आता तिला मोबाइल नाही, पुस्तक नाही. बाहेर बघायचं, दूरचं काहीतरी शोधायचं. दाराच्या खिशात पिशव्या, एक जुना टॉवेल, गार पाण्याची बाटली आणि कपड्यांचा एक जोड असतोच. उलटी झाली की घट्ट भाग आधी कागदाने किंवा पुठ्ठ्याने उचलायचा, मग दुधासारखंच सगळं.

मुलांना कामाला लावा, असं सगळे सांगतात. लावावं, पण फार आशा धरू नये. थोरली कचऱ्याची पिशवी सांभाळते आणि स्वतःचा कचरा मोठ्या अभिमानाने भावाच्या बाजूला टाकते. गाडी धुताना दोघं बादलीपाशी असतात, त्यामुळे गाडी धुवायला दुप्पट वेळ लागतो. एका बाबतीत मात्र मी हसण्यावारी नेत नाही. सफाई झाली की गाडी कुलूप लावूनच सोडायची, डिकीसकट, आणि किल्ली उंचावर. ज्या गाडीत बादली-फडक्याचा खेळ चालला तिथे मुलं नंतर एकटी शिरतात. उन्हातल्या बंद गाडीतली हवा अर्ध्या तासाच्या आतच घातक तापते, काच थोडी उघडी ठेवून फरक पडत नाही. निघण्याआधी ड्रायव्हरच्या पायाशी काही घरंगळत आलंय का, मॅट सरकून पेडलखाली गेलीय का, हे बघणंही याच यादीतलं. धाकट्याची पाण्याची बाटली बरोब्बर ब्रेकखाली मावेल एवढी आहे.

राहता राहिल्या काचा. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत मिशेल ब्युकॅनन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या बोटांच्या ठशांचा अभ्यास केला. एका गुन्ह्याच्या तपासात, जी लहान मुलगी गाडीत होती हे नक्की माहीत होतं, तिचे ठसे त्या गाडीत सापडेनात, म्हणून हा प्रश्न उभा राहिला होता. उत्तर असं निघालं की मुलांच्या ठशांतले घटक लवकर उडून जाणारे असतात. मोठ्यांच्या ठशांतली जड, तेलकट संयुगं वयात आल्यावर येतात आणि ती टिकतात. हे वाचून मी आमच्या मागच्या काचेकडे पाहिलं. तिथलं काहीच उडून गेलेलं नव्हतं, कारण ते बोटांचे ठसे नव्हतेच. केळं होतं. केळ्याला ओलं फडकं पुरतं, आणि ते पुढच्या रविवारपर्यंत थांबायला तयार असतं.

थोरलीच्या बाजूच्या काचेला थांबवत नाही, तिला बाहेरचं दिसायला हवं. समोरच्या काचेलाही नाही. नव्या गाडीत तिच्यावर आतून एक धुरकट पापुद्रा जमतो आणि त्याचं खापर मुलांवर फुटतं. असतो तो डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडून काचेवर बसलेला थर. दिवसा तो जाणवत नाही. रात्री समोरून दिवे आले की सगळी काच पांढरी होते. मायक्रोफायबरचं एक ओलसर फडकं, एक कोरडं, आणि आतून उभं, बाहेरून आडवं पुसायचं. रेघ राहिली तर ती कुठल्या बाजूची ते लगेच कळतं, दोनदा उठबस करावी लागत नाही.